मुद्देमाल व्याला

नाक्यावर पिकअप अडवली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, आत केळीचे घड आहेत. नेमकी त्याच वेळी ताडपत्रीखालून म्हैस ओरडली.

ड्रायव्हरनं उडी टाकली आणि रस्त्यालगतच्या केळीच्या बागेत तो असा दिसेनासा झाला की शिपाई नुसतेच पानं बाजूला सारत राहिले. त्याचा जोडीदार मात्र सापडला. म्हैस कुठून उचलली, असं त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, अंधार होता. मी तो सिर्फ शेपूट धरलं होतं."

दुपार व्हायच्या आत म्हैस ठाण्याच्या आवारात येऊन उभी राहिली. चांगली धिप्पाड, अंगावर तुकतुकी, शिंगं मागे वळलेली. आणि तिच्यासमोर, एका हातात लाखेची कांडी आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याची चिठ्ठी घेऊन, हेड कॉन्स्टेबल प्रतिभा इंगळे उभी होती.

इच्छापुरकडून बुऱ्हाणपुरात शिरणाऱ्या रस्त्यावरचं हे ठाणं, आणि ठाण्याचा मालखाना प्रतिभाच्या ताब्यात. पोलिसांनी जप्त केलेलं, चोरांकडून परत मिळवलेलं, सगळं तिच्या खोलीत येऊन पडायचं. शेतातून चोरलेल्या पाण्याच्या मोटरी, तांब्याची तार, दारूचे कॅन, भांडणातल्या काठ्या, मोबाइल, एकदा तर कुणाच्या तरी लग्नातला अख्खा बँडचा बाजा. प्रत्येक वस्तू मांजरपाटाच्या कापडात शिवायची, गाठीवर लाख ओतून मोहोर उठवायची, चिठ्ठीवर गुन्ह्याचा नंबर लिहायचा आणि कोर्ट सांगेपर्यंत मांडणीवर ठेवायची. प्रतिभा आली तेव्हा त्या खोलीत उंदरांचं राज्य होतं. आता तिथली काठी न् काठी तिला डोळे मिटून सापडायची. वस्तू मुकाट असतात, दिलेल्या जागी राहतात, म्हणून तिला हे काम आवडायचं.

"इंगळे मॅडम, जमा करून घ्या," टीआय दिगंबर सोळंके व्हरांड्यातून म्हणाले. ठाण्याचे प्रमुख ते. पोट मोठं, आवाज मोठा, आणि राग मात्र बेताचा.

"सर, हिला?"

"नहीं तो क्या मला?"

"सर, पण हिला सील कुठं लावू?"

टीआय साहेबांनी म्हशीकडे पाहिलं. म्हशीनं टीआय साहेबांकडे पाहिलं. "ते तुम्ही बघा," म्हणून ते आत गेले.

प्रतिभाचा जन्म नेपानगरच्या कागद कारखान्याच्या क्वार्टरमधला. जळगावकडून नोकरीसाठी आलेल्या बापाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दूध पिशवीतून यायचं. म्हशीला तिनं आयुष्यात कधी हात लावला नव्हता. तिनं जपून, हातभर लांबून, पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं म्हशीच्या गळ्यात बांधली आणि समाधानानं पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा गळ्यात नुसती सुतळी होती, आणि म्हैस शांतपणे काहीतरी चघळत होती.

"भाईदास!" ती ओरडली. "हिनं नंबर खाल्ला!"

भाईदास हा ठाण्यातला सगळ्यात जुना शिपाई. शाहपुरचा, घरची केळीची बाग, त्यामुळं ढोरं त्याच्या ओळखीची. तो हसत हसत खाली बसला. "मॅडम, तिनं जेवण मागितलं, तुम्ही कागद दिला. मग कागदच खाईल ना ती."

त्यानं फोन करून घरून केळीचे कापलेले खांब आणि कडब्याच्या पेंढ्या मागवल्या. जप्तीतलं एक रिकामं पिंप पाण्यासाठी काढायला निघाला, तर प्रतिभानं त्याचा हात धरला. त्या पिंपाचा खटला चालू होता. शेवटी बॅरकमधली आंघोळीची बादली आली. नंबरासाठी प्रतिभानं पत्र्याची पट्टी आणली, खिळ्यानं ठोकून आकडे उठवले, आणि भाईदासनं ती गळ्यात बांधली. म्हशीनं पट्टी चाटून बघितली, चव आवडली नाही, सोडून दिली.

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. कुशीवरून हात फिरवला, मागून पाहिलं आणि म्हणाले, "गाभण आहे. दिवस भरत आलेत. हिला आता गाडीत घालून हलवायचं नाही."

"म्हणजे कांजी हाउसच्या कोंडवाड्यात नाही पाठवायची?" टीआय साहेबांचा चेहरा पडला.

"इथंच राहू द्या. सावली चांगली आहे."

अशा रीतीनं आवारातला निंब हा मालखान्याचा भाग झाला. प्रतिभानं निंबाभोवती चुन्यानं रेघ ओढली आणि पहाऱ्याच्या शिपायाला सांगितलं, "या रेघेच्या आतलं सगळं माझ्या जिम्म्यात. कुणी हात लावायचा नाही."

आता मालक शोधायचा होता. वस्तू सापडली की तिचा खरा धनी कोण हे ठरवायची प्रतिभाची एक रीत होती. वस्तूची एखादी खूण ती झाकून ठेवायची आणि जो येईल त्यालाच ती सांगायला लावायची. म्हशीचा उजवा कान खालून फाटलेला होता. तेव्हा म्हशीचे फोटो काढले ते सगळे डाव्या अंगानं. तेच फोटो जिल्ह्याच्या सगळ्या ठाण्यांना गेले, तिथून गावोगावच्या मोबाइलवर गेले. उजव्या कानाबद्दल टीआय, प्रतिभा आणि भाईदास सोडून कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवसापासून माणसं येऊ लागली. ज्यांची म्हैस हरवली होती ते आले, ज्यांची कधीकाळी हरवली होती तेही आले. प्रतिभा प्रत्येकाला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "काही खूण?"

एक म्हातारबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "काळी होती, बाई."

"बाबा, सगळ्याच काळ्या असतात."

"नाही, ही जास्त होती."

दुसऱ्याला म्हशीपाशी नेलं तर तो दुरूनच मान हलवून परत फिरला, "माझी नाही ही, माझी जरा गरीब स्वभावाची होती," आणि जाताना दोन पेंढ्या कडबा टाकून गेला. प्रतिभाला माणसं आवडू लागली.

मग चंदन आला. पांढरे बूट, डोळ्यांवर गॉगल, मागे साक्षीला एक दोस्त. "मॅडम, मेरी भैंस है. लिखा-पढ़ी क्या करायची ते करून टाका, मला वेळ नाही."

"बसा. खूण सांगा."

"खूण म्हणजे... फोटोत दिसतेय ना. शिंगं मागं वळलेली."

"फोटोत नाही दिसत असं काही?"

चंदननं दोस्ताकडं पाहिलं. दोस्त छताकडं पाहू लागला.

"बरं, दूध किती देते?" प्रतिभानं विचारलं.

"सकाळी सहा लिटर, संध्याकाळी पाच! मी स्वतः काढतो."

"कधीपर्यंत काढलंत?"

"चोरी झाली त्या दिवसापर्यंत."

"गाभण वगैरे नाही ना?"

"छे! गाभण कुठली?"

तेवढ्यात निंबाखाली म्हशीच्या कुशीत आतून कुणीतरी ढुशी मारावी तसं पोट हललं, चांगलं दिसेल असं. भाईदासला खोकल्याची अशी काही उबळ आली की त्याला भिंतीला टेकावं लागलं. प्रतिभानं मात्र चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

"चंदनभाऊ," ती म्हणाली, "हिला आटून दोन महिने झाले, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुम्ही काढत होतात ते दूध नक्की कुणाचं होतं, याची आपण चौकशी करू या का?"

पांढरे बूट फाटकाबाहेर पडले ते वळून न बघता. मोटारसायकल सुरू झाल्याचाच काय तो आवाज आला.

या सगळ्यात एक गोष्ट प्रतिभाच्या लक्षात यायला जरा उशीरच झाला. सकाळी ठाण्यात आल्यावर ती आधी मालखान्याचं कुलूप बघायची, ती आता आधी निंबाकडं जाऊ लागली होती. म्हैसही तिला ओळखू लागली. प्रतिभा दिसली की नाकातून हवा सोडायची, फुस्स, आणि मान पुढं करायची. कपाळावर शिंगांच्या मधोमध खाजवलं की डोळे अर्धे मिटायची. घरी रुख्मिणीबाई, प्रतिभाची आई, रोज विचारायची, "आज कशी आहे गं?" जावयाची विचारपूस करावी तशी. एका सकाळी तिनं डबा दिला तो नेहमीपेक्षा जड होता.

"दोन भाज्या दिल्यास का?"

"एक डबा तुझा आहे. दुसऱ्यात बाजरी शिजवून गूळ घातलाय. बाळंतपणाला आलेलीला कोरडी वैरण कसली देता? लहानपणी आमच्या घरी दोन म्हशी होत्या, माहिताय ना?"

प्रतिभाला माहीत नव्हतं. आई म्हशींबद्दल इतकी वर्षं कधी बोललीच नव्हती. आता बोलायला लागली ती थांबेना.

त्याच आठवड्यात एसपी मॅडमची तपासणी ठरली. जिल्ह्याच्या पोलिसांच्या प्रमुख, तृप्ती मॅडम, वयानं लहान, पण करड्या शिस्तीच्या म्हणून प्रसिद्ध. ठाण्याला रंग लागला, कुंड्या आल्या, टीआय साहेबांनी नवा पट्टा घेतला आणि तो त्यांना घट्ट झाला.

"मॅडम," ते प्रतिभाला हळूच म्हणाले, "तेवढी म्हैस मागच्या बाजूला नाही का नेता येणार?"

"सर, ती मुद्देमाल आहे. मुद्देमाल लपवायचा?"

"लपवायचा नाही हो... थोडा साइडला."

म्हैस काही साइडला गेली नाही. ती त्या सकाळपासून बेचैन होती. उठत होती, बसत होती, शेपटी एका बाजूला धरून गोल फिरत होती. बाजरीला तोंड लावलं नाही. भाईदासनं एकदा बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर खकनारच्या बाजूला एका गोठ्यात अडकले होते. येतो म्हणाले, पण वेळ लागेल.

तृप्ती मॅडम आल्या. सलामी झाली. मालखान्यात त्यांनी कुठल्याही मांडणीवर बोट ठेवावं आणि प्रतिभानं ती वस्तू काढून द्यावी, असं बराच वेळ चाललं. एकही गाठोडं इकडचं तिकडं नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "छान ठेवलंय," त्या म्हणाल्या. "सगळं बघून झालं?"

"एक राहिलंय, मॅडम. ते बाहेर आहे."

ती वाक्य पुरं करते तोच बाहेरून भाईदासची हाक आली. "मॅडम! पाय दिसू राहिले!"

प्रतिभा पळाली. तपासणी, सलामी, सगळं तिच्या डोक्यातून गेलं. म्हैस कुशीवर पडली होती, मान लांब केलेली, डोळे विस्फारलेले. मागच्या बाजूनं दोन इवलेसे खूर बाहेर आले होते. भाईदास बाह्या वर करून मागे बसला. "डोकं धरा तिचं, मॅडम. बोला तिच्याशी. तुमचं ऐकते ती."

प्रतिभा इस्त्रीच्या वर्दीनं मातीत बसली आणि तिनं ते जड डोकं मांडीवर घेतलं. मालखान्यातल्या वस्तूंशी तिला कधी बोलावं लागलं नव्हतं. "झालं, माझी बाई, झालं," ती म्हणू लागली, तिच्या स्वतःच्या बाळंतपणात आई म्हणाली होती तसं. "थोडंसं राहिलं. जोर कर. शहाणी माझी ती."

तृप्ती मॅडम मागोमाग आल्या होत्या. टीआय साहेब मध्ये येऊन म्हणाले, "मॅडम, आपण आत चहा..."

"चहा राहू द्या. पाणी आणायला लावा, आणि ही गर्दी मागे हटवा!"

टीआय साहेबांनी स्वतः बादली आणली. घट्ट पट्टा काढून कुंडीवर ठेवला होता.

म्हशीनं एक दीर्घ हंबरडा फोडला, भाईदासनं खुरांना धरून बेतानं ओढ दिली, आणि काळंभोर ओलं गाठोडं सर्रकन जमिनीवर आलं. सगळे पुढं झुकले. गाठोडं हललं नाही.

"श्वास घेत नाही," भाईदास पुटपुटला. "नाक भरलंय. कापड द्या, कापड!"

जवळचं कापड एकच होतं, मालखान्यातलं, पुरावे शिवायचं मांजरपाट. प्रतिभा उठली, पळत गेली, अख्खा तागाच उचलून घेऊन आली. दोघांनी नाक-तोंड पुसलं, अंग खसाखसा घासलं. प्रतिभा घासतच राहिली, छातीवर, पाठीवर, हात भरून येईपर्यंत. रस्त्यावरचा एक ट्रकसुद्धा थांबला होता.

मग त्या गाठोड्याला शिंक आली.

अशी जोरात, की प्रतिभाच्या चेहऱ्यावर सगळं उडालं. मागून दुसरी शिंक. मान डगडगत वर उठली, ओले कान फडफडले. आवारात एकदम जो आरडाओरडा झाला त्यात पहाऱ्याच्या शिपायानं बंदूक खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, आणि एसपी मॅडमनं त्याला रागावायचं सोडून स्वतः टाळ्या वाजवल्या. लॉकअपच्या गजांमागून म्हैसचोराचा आवाज आला, "काय झालं, साहेब? पारडा का पारडी?"

"पारडी!" भाईदासनं सांगितलं.

"बधाई हो!" चोर म्हणाला.

पारडी चारदा पडली आणि मग चारही पाय फाकवून उभी राहिली. आई तिला चाटत होती. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. तृप्ती मॅडमनी प्रतिभाकडं बघितलं. वर्दी मातीनं, चिकटानं भरलेली, केस सुटलेले.

"इंगळे, आता ही नोंद कशी करणार?"

प्रतिभा सावधान उभी राहिली. तिला हा प्रश्न खरोखरच पडला होता. "मॅडम, वस्तू एक, म्हैस, अशी जप्ती आहे. आता दोन झाल्या. या नव्या मालाच्या नोंदीत एक रकाना असतो, कुणाकडून मिळाला. तिथं काय लिहू?"

"म्हशीकडून लिहा," तृप्ती मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

डॉक्टर आले तेव्हा पारडी आईला लुचत होती. त्यांनी दोघींना तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, पारडी पिऊन उरेल तो चीक थोडा काढून टाका म्हणाले, नाहीतर कास दुखेल.

चीक हा शब्द ऐकला आणि ठाण्यातल्या प्रत्येकाला खरवस आठवला. टीआय साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "इंगळे मॅडम, विलायची माझ्या घरून आणतो मी."

"सर, म्हैस कुणाची?"

"मालकाची."

"मग चीक कुणाचा?"

टीआय साहेबांनी सुस्कारा टाकला. पण म्हशीनंच तो वाद मिटवला. भाईदास खाली बसला की ती पाय झाडायची. वाटीभर चीक कसाबसा निघाला, तोही पारडीलाच पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमधून दोन बायका उतरल्या. एक साठीची, लुगडं नेसलेली, उन्हानं रापलेली. दुसरी तिची सून, हातात मोबाइल. डोईफोडियाकडून आल्या होत्या, दोन गाड्या बदलून.

"मी पूर्णिमा," सून म्हणाली. "ही माझी सासू, आशाबाई. आमची म्हैस गेली ना, तेव्हापासून सासूबाई जंगल पालथं घालतायत. त्यांना वाटलं चरता चरता चुकली. काल भावानं हा फोटो पाठवला, तर सासूबाई रात्रभर बसून राहिल्या, पहिली बस कधी येते म्हणून."

प्रतिभानं त्यांना खुर्च्या दिल्या. आशाबाई बसल्या नाहीत.

"आई, काही खूण सांगता येईल? फोटोत नाही अशी?"

"उजवा कान फाटेल आहे तिचा," आशाबाई लगेच म्हणाल्या. "लहान व्हती तेव्हा कुत्र्याशी भांडली. कुत्रं पळालं, कान गेला. अन् गाभण आहे व माय ती. तिचे दिवस भरले. कुठं असंल, कशी असंल... माह्या मैनाला कोणी पाणी तरी पाजलं का?"

मैना हे नाव त्यांनी जरा मोठ्यानं उच्चारलं असेल. निंबाखालून एक असा हंबर आला की खिडकीची तावदानं वाजली. प्रतिभानं इतक्या दिवसांत हा आवाज ऐकला नव्हता. आशाबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"मैना!"

पुन्हा हंबर, आणि दावं ताणल्याचा आवाज.

"मॅडम, अब और क्या प्रूफ पाहिजे?" पूर्णिमा रडत हसत म्हणाली.

आशाबाई धावत सुटल्या. त्या वयाची बाई इतकी पळेल असं कुणाला वाटलं नसतं. त्यांनी म्हशीच्या गळ्याला मिठी मारली, कान चाचपला, पाठ चाचपली, आणि मग त्यांचा हात पोटाशी थबकला. पोट रिकामं होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्या हळूच वळल्या. "व्याली? ...गेलं का लेकरू?"

प्रतिभा कडब्याच्या पेंढ्यांमागं गेली. तिथं गोणपाटावर पारडी उन्हात झोपली होती. प्रतिभानं तिला दोन्ही हातांत उचललं, पाय लोंबत होते, आणि आणून आशाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"आई, तुमची एकच हरवली होती ना? मग आमचा हिशेब चुकला बघा. आमच्याकडं दोन जमा आहेत."

आशाबाई खाली बसल्या त्या बसूनच राहिल्या. पारडी त्यांचं लुगडं चघळू लागली. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे सांगणं कठीण होतं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, प्रतिभाचा हात ओढून तिला शेजारी बसवलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

कोर्टाचा हुकूम मिळायला एक दिवस गेला. आशाबाईंना प्रतिभानं घरी नेलं. त्या रात्री तिची आई आणि आशाबाई म्हशी, वैरण आणि सुना या विषयांवर इतक्या बोलल्या, की प्रतिभा आणि पूर्णिमाला मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही. सकाळी न्यायाधीशांनी अर्ज वाचला. "इथं एक म्हैस लिहिलंय. फोटोत दोन दिसतात?"

"साहेब, दुसरी ठाण्यात जन्मली," प्रतिभानं सांगितलं. "तिची जप्ती नाही. तिच्यावर गुन्हा नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. कोर्टातले सगळे ओठ दाबून उभे होते. "आई जाईल तिथं लेकरू जाईल," ते म्हणाले. "लिहा तसं. आणि खटल्यात बोलावलं तर म्हैस हजर करायची, कळलं ना, बाई?"

"व्हय साहेब," आशाबाई म्हणाल्या. "धुऊन आणीन."

ठाण्यात परतल्यावर आशाबाई म्हशीखाली बसल्या. मैनानं पाय झाडला नाही. चरवी पिवळ्याधमक चिकानं फेसाळत भरली. पारडीचं पोट आधीच टम्म झालं होतं. आशाबाईंनी बॅरकमधल्या चुलीचा ताबा घेतला, गूळ मागितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माह्या मैनाचं बाळंतपण पोलिसांनी केलं. बाळंतिणीच्या घरून कोणी तोंड गोड केल्याबिगर जाणार नही."

टीआय साहेब थाळी घेऊन प्रतिभापुढं आले. "मॅडम, आता?"

"आता खा, सर."

खरवस सगळ्यांना पुरला. टीआय साहेबांनी विलायची खरंच आणली होती. पहाऱ्याच्या शिपायाला मिळाला, लॉकअपमधल्यालाही एक वडी गेली. ती खाऊन तो म्हणाला, "मावशी, माफ करा. पुन्हा तुमच्या गावाला येणार नाही."

"ये," आशाबाई म्हणाल्या. "दिवसा ये, अन् फाटकातून ये."

मुद्देमाल मालकाच्या दारापर्यंत पोचवायची जबाबदारी प्रतिभानं स्वतःकडं घेतली. टेम्पोत खाली भुसा घातला होता, पारडी पूर्णिमाच्या मांडीवर होती, आणि मैना मागं उभी राहून वारा खात होती. डोईफोडियाच्या वळणावर पोरं वाटच पाहत होती. टेम्पो दिसताच ती पुढं धावत सुटली. कुणीतरी ढोल काढला. बायकांनी ओवाळणीचं ताट आणलं होतं. मैनाला ओवाळलं, पारडीला ओवाळलं, आणि मग प्रतिभाला धरून तिच्याही कपाळाला कुंकू लावलं.

"नाव ठेवा," आशाबाई म्हणाल्या. "तुम्हीच ठेवा व बाई. तुमच्या मांडीवर जन्मली ती."

प्रतिभानं आजवर वस्तूंना नुसते नंबर दिले होते. भाईदास मागून कुजबुजला, "जप्ती ठेवा, मॅडम," आणि पूर्णिमानं त्याला कोपर मारलं. प्रतिभानं पारडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पाहिला. "चांदणी," ती म्हणाली, आणि आपण हे नाव इतक्या सहज कसं ठेवलं याचं तिलाच नवल वाटलं.

टेम्पोची फळी खाली झाली. चांदणीनं पहिल्यांदाच मोकळं अंगण बघितलं. क्षणभर कान ताठ करून उभी राहिली, आणि मग शेपटी वर करून अशी उधळली, की ढोलवाला बाजूला झाला, ताटातल्या अक्षता सांडल्या, आशाबाईंच्या दारातला मिरच्यांच्या वाळवणाचा पसारा लाल धुळीसारखा उडाला. "धरा! धरा तिला!" पोरं मागं, भाईदास पोरांच्या मागं, पूर्णिमा पदर खोचून सगळ्यांच्या मागं. पारडी एका कुडाला वळसा घालून थेट प्रतिभाकडं आली, तिच्या हातांच्या अगदी मधून निसटली आणि कापसाच्या वावरात शिरली.

प्रतिभाची टोपी पडली. तिनं ती उचलली नाही. हसत, धापा टाकत, तीही वावरात पळत सुटली.